११ केव्हीच्या जाळ्याचा ग्राफ: उपकेंद्राच्या बसपासून शिवारातल्या डीपीपर्यंत

उपकेंद्राच्या भिंतीवरचा सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे सगळे जाळे एकेरी रेषांत दाखवणारे चित्र, समोर ठेवा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: अमुक फाट्यावरचा एबी स्विच (खांबावरचा, हँडलने लाइन तोडायचा स्विच) उघडला तर कोणकोणते डीपी (खांबांवरची रोहित्रे) जातील आणि त्यांतल्या कितींना शेजारच्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या दुसऱ्या ११ केव्ही लाइनीवरून, वीज देता येईल? मुरलेला ऑपरेटर याचे उत्तर तोंडपाठ देतो. चित्रातून ते निघत नाही. चित्रात रेषा असतात, पण कोणती रेषा कशाला खरोखर जोडली आहे हे संगणकाला कळेल अशा रूपात कुठेच लिहिलेले नसते. ते लिहून काढणे म्हणजे जाळ्याचा ग्राफ बांधणे.

ग्राफ म्हणजे इथे वाढ-घट दाखवणारा आलेख नव्हे. काही बिंदू, म्हणजे नोड, आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, एवढेच. लांबी आणि वळणे बाजूला ठेवायची, जोडणी तेवढी राखायची. ऑयलरने १७३६ मध्ये सात पुलांचे कोडे याच रीतीने सोडवले आणि किर्खहोफने १८४७ मध्ये ही रीत विद्युत मंडलांना लावली. मराठवाड्यातल्या एखाद्या ३३/११ केव्ही उपकेंद्राखालचे जाळे या रीतीने कसे मांडायचे, ते पुढे आहे. शंभरेक नोडपर्यंतचे काम एक्सेलच्या दोन पानांत आणि कागदावर होते. त्यापुढे पायथनमधली ग्राफची लायब्ररी नेटवर्कएक्स घ्यावी. वीजजाळ्यांसाठीच्या पँडापॉवर या लायब्ररीत तर टोपॉलॉजीची, म्हणजे जोडणी तपासण्याची, कामे तयारच मिळतात.

नोड कशाला म्हणायचे

खांब म्हणजे नोड आणि तार म्हणजे कड, असे धरून सुरुवात केली की काम तिथेच फसते. डबल सर्किटच्या खांबावरून गावठाण फीडर आणि शेतीचा फीडर दोन्ही जातात. खांबाला नोड केले तर हे दोन फीडर त्या खांबापाशी एकमेकांत मिसळतात आणि पुढची सगळी उत्तरे चुकतात. ३३ केव्हीची लाइन ११ केव्हीच्या लाइनवरून ओलांडते तिथेही तसेच होते. नकाशावर रेषा छेदतात, जोडणी मात्र शून्य.

म्हणून व्याख्या अशी ठेवा. ज्या ठिकाणी अनेक उपकरणांची टोके कायमची एकमेकांना जोडलेली आहेत, मध्ये काहीही उघडता येण्यासारखे नाही, ते ठिकाण म्हणजे एक नोड. दोन टोके असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे एक कड: लाइनचा तुकडा, ब्रेकर, आयसोलेटर (भार नसताना उघडायचा स्विच), एबी स्विच, डीओ फ्यूज (उडाला की खाली पडणारा फ्यूज), पॉवर ट्रान्सफॉर्मर, बस कपलर (उपकेंद्रातल्या बसचे, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जुळतात त्या सामाईक पट्टीचे, दोन भाग जोडणारा स्विच). आयईसी ६१९७० या मानकातला सीआयएम नमुनाही असाच उभा आहे. उपकरण, त्याची टोके आणि टोके जिथे जुळतात तो बिंदू. खांबाचा क्रमांक हा फक्त माहितीचा रकाना, जोडणीचा आधार नव्हे.

स्विच ही कडच हवी, नोड नको. तीन लाइनी येणाऱ्या खांबावर स्विचला नोड केले तर स्विचच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण हे हरवते. प्रत्येक स्विचला दोन वेगळे नोड द्या. ते एकाच खांबावर एक मीटरच्या अंतरात असले तरी वेगळेच.

लाइन तोडायची ती फाटा, स्विच, डीपी किंवा कंडक्टर बदलतो त्या जागी. डॉग संपून रॅबिट सुरू होतो किंवा रॅबिटवरून वीजल निघतो (ही जाडीच्या उतरत्या क्रमाने कंडक्टरची नावे), तिथे नवीन नोड घ्या. मधले चाळीस खांब एकाच कडेत जाऊ द्या, लांबी रकान्यात लिहा. प्रत्येक खांबाला नोड केल्याने अचूकता वाढत नाही, चुका शिरायच्या जागा वाढतात. डीपी हा ११ केव्हीच्या अभ्यासात शेवटचा नोड धरावा, त्याच्या आधीचा डीओ फ्यूज ही वेगळी कड. एलटीकडची, म्हणजे ग्राहकांकडे जाणारी कमी दाबाची, बाजू नंतर जोडता येते.

दोन बसमध्ये दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर समांतर असतील तर त्याच दोन नोडांत दोन कडा येतात. नेटवर्कएक्समध्ये यासाठी मल्टीग्राफ वापरा. साध्या ग्राफमध्ये दुसरी कड पहिलीवर निमूटपणे लिहिली जाते, चूक झाल्याचा संदेशही येत नाही आणि उपकेंद्रात एकच ट्रान्सफॉर्मर उरतो.

एक मूळ ग्राफ, एक चालू ग्राफ

मूळ ग्राफमध्ये सगळे स्विच असतात, उघडे असोत की जोडलेले. तो फक्त नवीन लाइन ओढली, डीपी वाढला किंवा काढला की बदलतो. चालू ग्राफ हा त्यातून दर वेळी नव्याने काढायचा: उघड्या स्विचांच्या कडा वगळा, उरलेले ठेवा. लोड फ्लोसाठी, म्हणजे कुठे किती प्रवाह आणि व्होल्टेज हे काढण्यासाठी, हवा असेल तर आणखी एक पायरी. जोडलेल्या स्विचची दोन टोके एकच नोड म्हणून विलीन करा, म्हणजे शून्य इम्पीडन्सच्या (प्रवाहाला अडथळा नसलेल्या) कडा गणितात आडव्या येत नाहीत.

चालू ग्राफ हीच मुख्य फाइल म्हणून जपून ठेवण्याचा मोह टाळा. त्यातून उघडे टाय स्विच, म्हणजे दोन फीडर गरजेला जोडणारे स्विच, गायब असतात, आणि बिघाडाच्या रात्री नेमके तेच हवे असतात.

‘बंद’ हा शब्द फॉर्मवर नको

मराठीत ही माहिती गोळा करताना सर्वांत घातक गोंधळ या एका शब्दाचा होतो. बोलीत ‘स्विच बंद’ म्हणजे वीज तोडलेली. ड्रॉइंगमधल्या ‘क्लोज्ड’चे शब्दशः मराठी केले तरी ‘बंद’च होते, आणि तिथे अर्थ बरोबर उलटा, म्हणजे वीज जाणारा. एकाने फॉर्मवर ‘बंद’ लिहिले, दुसऱ्याने फाइलमध्ये ते ‘क्लोज्ड’ म्हणून चढवले, की एक उघडा टाय स्विच कागदोपत्री जोडला जातो आणि दोन फीडर एक दिसू लागतात.

फॉर्मवर दोनच पर्याय छापा: ‘जोडलेला’ आणि ‘उघडा’. फाइलमध्ये १ आणि ०. शेजारी तिसरा रकाना ‘पाहून खात्री केलेली तारीख’. ही तारीख रिकामी असलेली कोणतीही अवस्था अंदाज म्हणूनच वापरावी. शिवाय अवस्था दोन लिहा, नेहमीची आणि आजची. हंगामात पाण्याच्या पाळीसाठी फिरवलेला टाय पुढे महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि ‘नेहमीची’ अवस्था फक्त कागदावर उरते.

एबी स्विचच्या बाबतीत हँडल पाहून भागत नाही. वर तिन्ही पाती बसली आहेत का ते पाहावे लागते. काळ्या मातीत खांब कलला की दांडा आखडतो आणि दोन पाती लागून तिसरे अधांतरी राहते. म्हणून अवस्था फेजनिहाय लिहिण्याची सोय ठेवा: आर, वाय, बी. डीओ फ्यूजला तर हे अटळच, तिथे प्रत्येक फेजचा पाय स्वतंत्र पडतो. तिन्ही फेजांचे तीन ग्राफ एकाच फाइलमधून काढता आले पाहिजेत, तरच ‘दोनच फेज येताहेत’ ही तक्रार ग्राफवर शोधता येते.

जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, विसरू नका. फाट्यावरचा जंपर कापून लाइन वेगळी केली असेल तर तो जंपर हाही उघडा स्विचच. तो नुसता पुसून टाकला तर परत जोडण्याची शक्यता ग्राफमधून नाहीशी होते.

माहिती गोळा करताना

नोडच्या पानावर क्रमांक, व्होल्टेज, प्रकार, अक्षांश, रेखांश. कडेच्या पानावर क्रमांक, पहिला नोड, दुसरा नोड, प्रकार, नेहमीची अवस्था, आजची अवस्था, खात्रीची तारीख, फेज, कंडक्टर, लांबी, आणि भारावर तोडता येते की नाही. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. ब्रेकर भार तोडतो. साधा एबी स्विच त्यासाठी बनलेला नाही, जंपर तर नाहीच.

ओळख नावाने नको, क्रमांकाने. पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि ‘पाटलांचा डीपी’ एका गावातच दोन निघतात. रोहित्रावर रंगवलेला क्रमांक घ्या. तो पुसट असेल तर तुमचा तात्पुरता क्रमांक द्या, पण रिकामे सोडू नका. रोहित्र जळाले आणि त्या जागी दुसरे बसले तर नोड तोच राहतो, उपकरणाचा अनुक्रमांक बदलतो. हे दोन क्रमांक एकाच रकान्यात ठेवले की दर उन्हाळ्यात ग्राफ तुटत जातो.

मोबाइलच्या जीपीएसची जागा उघड्या रानातही काही मीटरने चुकते, आणि समांतर जाणाऱ्या दोन लाइनींमधले अंतर कधी कधी तेवढेच असते. त्यामुळे ‘पाच मीटरच्या आतली टोके आपोआप जोड’ ही क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधली सोय जोडणी ठरवायला वापरू नका. जोडणी लाइनवर चालत जाऊन क्रमांकाने लिहायची. अंतराचा उपयोग फक्त शंका काढायला: जी टोके जवळ आहेत पण जोडलेली नाहीत, आणि जी जोडलेली आहेत पण चारशे मीटर दूर आहेत, त्यांची यादी काढा आणि प्रत्यक्ष पाहा.

लांबी मीटरमध्ये हवी तर नकाशा यूटीएम (पृथ्वीचे रेखांशानुसार पट्टे पाडून जागा मीटरमध्ये मांडणारी पद्धत) पट्टा ४३ उत्तर मध्ये घ्या. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळे त्यात बसते. फक्त नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा किनवटचा भाग ७८ अंश रेखांशापलीकडे जातो, म्हणजे नियमाने पट्टा ४४ मध्ये. तिथेही पट्टा ४३ च चालू ठेवा. हद्दीच्या इतक्या जवळ लांबीत पडणारा फरक नगण्य असतो, पण दोन पट्टे एका फाइलमध्ये मिसळले तर अर्धे जाळे शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडते.

दहा नोडांचे उदाहरण

समजा नोड १ ही ३३ केव्हीची बस, तोच आपला स्रोत. २ आणि ३ हे ११ केव्ही बसचे दोन भाग. ४ ते ७ पहिल्या फीडरवर, ८ आणि ९ दुसऱ्या फीडरवर, आणि १० हा तांड्यावरचा डीपी. खाली ‘क’ म्हणजे कड.

क१: १–२, पॉवर ट्रान्सफॉर्मर एक
क२: १–३, पॉवर ट्रान्सफॉर्मर दोन
क३: २–३, बस कपलर, उघडा
क४: २–४, पहिल्या फीडरचा ब्रेकर, जोडलेला
क५: ४–५, लाइन
क६: ५–६, एबी स्विच, जोडलेला
क७: ६–७, लाइन
क८: ३–८, दुसऱ्या फीडरचा ब्रेकर, जोडलेला
क९: ८–९, लाइन
क१०: ७–९, टाय एबी स्विच, उघडा
क११: ६–१०, तांड्याचा फाटा

पहिली तपासणी लूपची. सूत्र छोटे आहे: लूप = कडा − नोड + तुकडे. तुकडा म्हणजे आपापसात जोडलेल्या नोडांचा एक गट. चालू ग्राफमध्ये दोन उघड्या कडा वगळून ९ उरतात, नोड १०, तुकडा १. म्हणून ९ − १० + १ = ०. लूप नाही, जाळे झाडासारखे फुटत गेले आहे. टाय क१० जोडला तर १० − १० + १ = १. ही लूप एका ट्रान्सफॉर्मरमधून निघून दोन्ही फीडरभर फिरून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून परत येते. कपलरही जोडला तर २.

लूप दिसली म्हणजे चूकच, असे नाही. बस कपलर जोडून दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवतात तेव्हा ती मुद्दाम केलेली लूप असते, अर्थात दोघांचा व्हेक्टर ग्रुप (वेटोळ्यांच्या जोडणीचा प्रकार), व्होल्टेज गुणोत्तर आणि टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची पायरी) जुळत असतील तर. फीडरवर दूर रानात लूप निघाली तर मात्र दहापैकी नऊ वेळा एखाद्या टायची अवस्था चुकीची चढलेली असते. प्रत्येक लूपमधल्या स्विचांची यादी छापा आणि खात्रीची सर्वांत जुनी तारीख असलेल्यापासून पाहायला लागा.

दुसरी तपासणी सुट्या तुकड्यांची. ज्या तुकड्यात एकही स्रोत नाही तो अंधारात आहे. नवीन फाइलवर हे पहिल्यांदा चालवले की ढिगाने तुकडे निघतात. बहुतेक एकेका नोडचे असतात, आणि कारण क्रमांक लिहिण्यातले: एकीकडे ‘०१२’, दुसरीकडे ‘१२’, कुठे शेवटी रिकामी जागा, कुठे मराठी आकडा तर कुठे इंग्रजी. संगणकाला हे सगळे वेगळे नोड. क्रमांक चढवतानाच एका साच्यात आणा.

तिसरी तपासणी व्होल्टेजची. लाइन किंवा स्विचच्या दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखेच हवे. ते फक्त ट्रान्सफॉर्मरच्या कडेवर बदलू शकते. या एका ओळीच्या तपासणीत ३३ आणि ११ केव्हीच्या छेदण्याच्या जागी चुकून झालेल्या जोडण्या सापडतात.

आता ग्राफला प्रश्न विचारा

स्रोतापासून थराथराने पुढे जा. प्रत्येक नोडवर तो कोणत्या नोडकडून गाठला ते लिहून ठेवा. यालाच त्या नोडचा पालक म्हणू. एका फेरीत प्रत्येक डीपीचा फीडर ठरतो आणि त्याच्यापासून उपकेंद्रापर्यंतचा मार्गही मिळतो. हा शोध स्वतः लिहीत असाल तर रांगेच्या आधाराने लिहा. स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन लांबलचक शेती फीडरवर अडकते, कारण पायथनमध्ये अशा खोलीची मर्यादा मुळात १००० असते. आणि सगळे जाळे मॅट्रिक्समध्ये, म्हणजे प्रत्येक नोडसमोर प्रत्येक नोड अशा चौकोनी तक्त्यात, ठेवू नका. २००० नोडांची मॅट्रिक्स ४० लाख घरांची होते, त्यांतली जवळजवळ सगळी शून्य. प्रत्येक नोडच्या शेजाऱ्यांची यादी पुरते.

तक्रारी आल्या की याच पालकांचा उपयोग. वीज गेलेल्या डीपींपासून वर चढत जा. सगळ्यांचे मार्ग जिथे पहिल्यांदा एकत्र येतात, त्याच्या वरच्या बाजूचा सर्वांत जवळचा स्विच किंवा फ्यूज हा पहिला संशयित. गस्त तिथून सुरू करा, उपकेंद्रापासून नव्हे.

पुढचा प्रश्न पुलांचा. जी एक कड काढली की ग्राफचे दोन तुकडे होतात ती पूल. हे चालू ग्राफवर विचारून उपयोग नाही, कारण झाडासारख्या जाळ्यात प्रत्येक कड पूलच असते. मूळ ग्राफवर सगळे स्विच जोडलेले धरून विचारा. आपल्या उदाहरणात मग एकच पूल निघतो: क११, तांड्याचा फाटा. बाकी प्रत्येक नोडला पर्यायी वाट आहे, तांड्याला नाही. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत झाडांच्या फांद्या आधी कुठे तोडायच्या आणि नवीन टाय कुठे मागायचा, याची यादी इथून येते. ज्या पुलापलीकडे पाणीपुरवठ्याचा पंप किंवा ग्रामीण रुग्णालय आहे तो वर घ्या.

आता क५ वर बिघाड झाला असे धरा. ब्रेकर क४ पडलेलाच आहे. क६ उघडा. टाय जोडण्याआधी क८ उघडून दुसरा फीडर क्षणभर मोकळा करा, कारण एबी स्विचवर भार घेणे-तोडणे टाळायचे आहे. मग क१० जोडा, क८ पुन्हा जोडा. चालू कडांची गणना: क१, क२, क८, क९, क१०, क७, क११ अशा ७, उजेडातले नोड ८. ७ − ८ + १ = ०, म्हणजे लूप नाही. अंधारात फक्त ४ आणि ५. क६ उघडायचे विसरून टाय जोडला असता तर बिघाडावरच दुसरा फीडर चढला असता, आणि ग्राफवर ते एका ओळीत दिसते: नोड ५ ला वाट शिल्लक राहते. प्रत्येक बदलीचा क्रम प्रत्यक्ष करण्याआधी पायरी-पायरीने ग्राफवर चालवा, शेवटची अवस्था तेवढी तपासून थांबू नका.

स्रोत म्हणजे काय

नोड जागेवर असतो, स्रोत असतोच असे नाही. २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र थांबले तेव्हा तिथल्या लाइनी आणि बस होत्या तशाच होत्या. स्रोताचीही अवस्था स्विचसारखी १ आणि ० मध्ये ठेवा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प ११ केव्हीला जोडले जात आहेत. त्यांना साधा स्रोत म्हणून चढवले तर ग्राफ फसवतो. मुख्य ग्रिड गेले की हे इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप थांबतात, त्यामुळे ज्या तुकड्यात फक्त सौर प्रकल्प उरला आहे तो अंधारातलाच धरायचा. वेगळा प्रकार द्या: ‘आश्रित स्रोत’. दोन उपकेंद्रांचे स्रोत एकाच तुकड्यात आले तर तिथे लाल खूण हवी. दोन्ही बाजूंनी चालू असलेल्या टायवर फेजचा क्रम आणि कोन जुळतो की नाही हे ग्राफ सांगत नाही.

ग्राफवर विसंबू नये अशा जागा

वाट आहे म्हणजे भार पेलेल असे नाही. ११ केव्हीवर १०० केव्हीएच्या एका डीपीचा पूर्ण भार सुमारे ५.२५ अँपिअर. असे वीस डीपी टायवरून दुसऱ्या फीडरवर टाकले तर १०५ अँपिअर वाढतात. ५ एमव्हीएच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्हीकडचा पूर्ण प्रवाह सुमारे २६२ अँपिअर आहे. त्यात आधीचा भार किती, हे मीटरवरून घ्या. मार्गातला सर्वांत बारीक कंडक्टर शोधा. टाय बहुधा दोन्ही फीडरांच्या शेपटाला असतो, तिथे वीजल असण्याची शक्यता जास्त, आणि रब्बीत सगळे पंप एकदम चालू असताना टोकाचे व्होल्टेज आधीच पडलेले असते.

आणि लाइन मृत आहे हे ग्राफवरून कधीही ठरवायचे नाही. एखाद्या मंगल कार्यालयाचा जनरेटर, चेंजओव्हर (जनरेटर आणि लाइन एका वेळी जोडू न देणारा स्विच) न लावता, एलटीवरून डीपीमार्गे ११ केव्ही लाइन उलटी चढवू शकतो, आणि तो तुमच्या कोणत्याही फाइलमध्ये नसतो. परमिट, टेस्टर आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग, हे झाल्याशिवाय तारेला हात नाही, ग्राफ काहीही म्हणो.

मूळ फाइलची प्रत दर बदलाला तारखेसह वेगळी ठेवा आणि प्रत्येक नव्या प्रतीवर लूप, सुटे तुकडे आणि व्होल्टेज या तीन तपासण्या पुन्हा चालवा. आधीच्या प्रतीशी तुलना करून बदललेल्या कडांची यादी काढा. त्या यादीत ज्याला कोणी हात लावला नव्हता अशी कड दिसली तर आधी फाइल दुरुस्त करू नका. आधी त्या खांबापाशी माणूस पाठवा.